पडणं खोटं नसतं

गेल्या अंकात मानेच्या मणक्यांवर लिहिताना मी स्टीव्ह ऑस्टिन या अमेरिकन रेसलरचं नाव एका ओळीत घेतलं होतं. बाकीच्या लेखापेक्षा त्या एका ओळीवरच जास्त पत्रं आली. म्हणून टाचदुखी आणि गुडघे पुढच्या महिन्यावर ढकलते आणि या वेळचं सदर व्यावसायिक रेसलिंगला देते. नव्या वाचकांसाठी थोडी ओळख: मी तालमीतल्या पैलवानाची मुलगी, कोल्हापुरात बावीस वर्षं फिजिओथेरपी करते. माझ्याकडे मातीतली पोरं येतात, जिममधली येतात, आणि अलीकडे मोबाइलवर बघून गादीवर उड्या मारणारीही येतात.

ताई, माझा तेरा वर्षांचा मुलगा सतत डब्ल्यूडब्ल्यूई बघतो. "अरे, ती नुरा कुस्ती असते, सगळं खोटं असतं," असं म्हटलं की चिडतो. परवा त्याने धाकट्या बहिणीला पलंगावर उचलून आपटलं. हे खोटं असतं, हे त्याला कसं पटवू?
*– एक वडील, इचलकरंजी*

दादा, तसं पटवायला जाऊच नका, कारण त्यातलं अर्धंच खरं आहे. निकाल आधी ठरलेला असतो, भांडणं लिहून दिलेली असतात, हे सगळं मान्य. पण पडणारा माणूस खरोखर पडतो. रिंगच्या खाली लोखंडी चौकट असते, तिच्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. आपल्या तालमीत हौद्यातली माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून उकरून मऊ ठेवतात, तसलं तिथे काही नाही. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, दोन्ही तळवे आपटायचे आणि पाठीच्या वरच्या भागावर पडायचं, असं त्यांना शिकवतात. त्याने मार वाटला जातो, नाहीसा होत नाही. एका रात्रीत असं दहा-पंधरा वेळा पडायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा तेच. 1980 आणि 90 च्या दशकांत नावाजलेले रेसलर वर्षातले अडीचशे-तीनशे दिवस असे रस्त्यावर असायचे.

"खोटं" या शब्दाचा इतिहासही मुलाला सांगा. डिसेंबर 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉन स्टॉसेल नावाच्या टीव्ही पत्रकाराने डेव्हिड शुल्ट्झ या रेसलरला तोंडावर सांगितलं, "मला हे खोटं वाटतं." शुल्ट्झने त्याच्या दोन्ही कानांवर इतक्या जोरात लगावल्या की पत्रकार कोर्टात गेला आणि शुल्ट्झच्या कंपनीला, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईला, सव्वाचार लाख डॉलर मोजावे लागले. धंद्याचं गुपित इतक्या कडक पहाऱ्यात होतं. आणि पाचच वर्षांनी, 1989 मध्ये, त्याच कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपणहून मान्य केलं की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. खेळ म्हटला की राज्याचा परवाना आला, लढतीआधीची डॉक्टरी तपासणी आली, टीव्ही प्रक्षेपणावरचा कर आला. करमणूक म्हटलं की ते सगळं सुटतं. म्हणजे "हे खोटं आहे" हे मालकाने स्वतः सांगितलं आणि त्या शब्दावर पैसे वाचवले. पडणाऱ्यांचे मणके त्या दिवशीही तितकेच खरे होते. म्हणून घराघरांतून सहज निघणारा हा शब्द मला खुपतो.

मुलाला एकच लढत दाखवा, 3 ऑगस्ट 1997 ची, ऑस्टिन विरुद्ध ओवेन हार्ट. ओवेनने ऑस्टिनला उलटं धरलं आणि तसाच खाली बसला. ऑस्टिनचं डोकं ओवेनच्या गुडघ्यांच्याही खाली लोंबत होतं, ते आधी आपटलं. काही वेळ त्याला हातपाय हलवताच येईनात. ओवेन प्रेक्षकांकडे बघून ओरडत वेळ काढतोय, तेही दिसेल. मग ऑस्टिन कसाबसा सरपटत आला, ओवेनला गुंडाळलं आणि ठरलेला निकाल लावला. पुढे मानेचं ऑपरेशन झालं आणि 2003 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो थांबला. दोघेही कसलेले होते आणि कुणालाही कुणाला दुखवायचं नव्हतं.

आणि मुलीचं: डोकं कशावर आपटलं होतं का? पुन्हा कधी आपटलं आणि उलटी झाली, अवेळी झोप आली, बोलण्यात गोंधळ वाटला, तर घरी थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

आमच्या लहानपणीच्या ट्रम्प कार्डांत ओवेन हार्ट होता. तो छतावरून पडून गेला आणि तरी कार्यक्रम चालू राहिला असं म्हणतात. खरं आहे का?
*– एक वाचक, पुणे*

खरं आहे. 23 मे 1999, कॅन्सस सिटीतलं केम्पर अरीना. ओवेनला त्या रात्री "ब्लू ब्लेझर" नावाच्या विनोदी सुपरहिरोचं सोंग दिलं होतं: निळा मुखवटा, पिसांची झूल, आणि छतावरून दोराने रिंगमध्ये उतरायचं. उतरल्यावर झटकन सुटता यावं म्हणून हार्नेसला पटकन उघडणारी कडी लावली होती. ती कडी वरच उघडली. तो 78 फुटांवरून खाली आला आणि रिंगच्या कोपऱ्याजवळ दोरांवर छातीने आदळला. वय 34. घरी कॅनडात, कॅल्गरीला, बायको मार्था आणि दोन लहान मुलं.

त्या क्षणी टीव्हीवर आधी चित्रित केलेला भाग चालू होता, म्हणून घरी बसलेल्यांना पडणं दिसलं नाही. त्याला रुग्णवाहिकेतून नेलं आणि थोड्या वेळाने पुढची लढत सुरू झाली. त्या लढतीत उतरायचं होतं जेफ जॅरेटला, ओवेनच्या जोडीदाराला आणि जवळच्या मित्राला. त्याच फळ्यांवर, त्याच कोपऱ्याजवळ. थोड्या वेळाने निवेदक जिम रॉसने टीव्हीच्या प्रेक्षकांना ओवेन गेल्याचं सांगितलं. स्टेडियममध्ये बसलेल्या हजारो लोकांना कुणीही काही सांगितलं नाही. ते शेवटची लढत बघून टाळ्या वाजवून घरी गेले.

आमच्याकडे यात्रेच्या फडात पैलवान जागेवर बेशुद्ध पडला की हलगी थांबते. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडून मी हे कितीदा तरी ऐकलंय: "आधी हलगी थांबली, मग मला कळलं की काहीतरी झालंय." कॅन्सस सिटीत काहीच थांबलं नाही. पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी मला हे समजून घेता आलेलं नाही.

मार्थाने खटला भरला. नोव्हेंबर 2000 मध्ये 1 कोटी 80 लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या पैशांतून तिने ओवेनच्या नावाने संस्था काढली. कंपनीच्या सन्मानाच्या यादीत मात्र तिने त्याचं नाव आजवर जाऊ दिलेलं नाही.

तुमचं पत्र वाचून मी दादाच्या घरी गेले. त्याने ती कार्डं अजून पार्ले-जीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत, रबर लावून. कोपरे मऊ झालेत, रंग उडालाय. उंची, वजन, छाती, दंड, रँक. "वजन!" म्हणून दादा योकोझुनाचं कार्ड खाडकन टाकायचा आणि माझं पान न्यायचा. आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि वयाची पन्नाशी न गाठता गेलेल्यांची कार्डं एका बाजूला काढली. योकोझुना, 34. ओवेन, 34. ब्रिटिश बुलडॉग, 39. रिक रूड, 40. बिग बॉस मॅन, 41. मिस्टर परफेक्ट, 44. बॅम बॅम बिगेलो, 45. आंद्रे द जायंट, 46. कुणाचं हृदय, कुणाच्या गोळ्या, कुणाचं वजन. प्रत्येकाचं कारण वेगळं, त्यामुळे सगळ्यांचा दोष एकाच माथी मारता येत नाही, हे मी आरोग्य क्षेत्रात काम करते म्हणून मुद्दाम सांगते. तरी ती चळत आमच्या दोघांच्या मधे पडली होती आणि दादा बराच वेळ बोलला नाही. त्या कार्डांवर सगळी मापं होती, फक्त वय नव्हतं.

ख्रिस बेन्वा माझा फार आवडता होता. त्याने जे केलं ते कळल्यापासून, आपण या माणसासाठी टाळ्या वाजवल्या याचीच लाज वाटते. मेंदूच्या आजारामुळे झालं असं वाचलं. मग तो दोषी होता की आजारी?
*– एक वाचक, रत्नागिरी*

ताई, आधी ज्यांचं नाव मागे पडतं त्यांचं नाव घेते. नॅन्सी, त्याची बायको. डॅनियल, त्याचा मुलगा, वय वर्षं सात. जून 2007 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या फेएटव्हिल इथल्या घरी त्याने त्या दोघांना मारलं आणि मग स्वतःला संपवलं. सोमवारी, 25 जूनला, मृतदेह सापडले. खरं काय घडलं ते पुरतं कळायच्या आत त्या रात्री कंपनीने त्याला श्रद्धांजली म्हणून तीन तासांचा कार्यक्रम दाखवला. दुसऱ्या दिवशीपासून त्याचं नाव घेणं बंद झालं.

त्याच्या वडिलांनी मेंदूच्या तपासणीला संमती दिली. ती तपासणी घडवून आणणाऱ्यांत ख्रिस नोविन्स्की होता. हा हार्वर्डमध्ये शिकलेला आणि स्वतः डब्ल्यूडब्ल्यूईत लढलेला, डोक्याला वारंवार मार बसल्यामुळे खेळ सोडावा लागलेला तरुण. चाळीस वर्षांच्या बेन्वाचा मेंदू पंच्याऐंशी वर्षांच्या अल्झायमरच्या रुग्णासारखा दिसतो, असं तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. वरच्या दोरावरून झेप घेऊन डोक्याने आदळायचं, ही त्याची खासियत होती. डोक्यामागे खुर्चीचा फटका तो चुकवत नसे. प्रेक्षक म्हणून आपल्याला तेच आवडायचं. या विकाराला सीटीई म्हणतात. मेंदूला पुन्हा पुन्हा हिसके बसून तो होतो, आणि त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच करता येतं.

दोषी की आजारी, याचं मला जमेल तेवढं उत्तर असं: असा मेंदू घेऊन जगणारे बरेच आहेत, त्यांतले बहुतेक कुणाचा जीव घेत नाहीत. शिवाय त्याच्या शरीरात वरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉनही बरंच सापडलं होतं, आणि जवळचे मित्र एकामागून एक गेल्याने तो आतून खचलेला होता. त्यामुळे आजाराने थोडं कळतं, माफ काही होत नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. डोक्यावर खुर्ची मारायला बंदी आली ती 2010 मध्ये. ज्यांना आधीपासून ठाऊक असायला हवं होतं, लाज त्यांच्याकडे जाते.

एवढा पैसा असलेल्या धंद्यात कामगार संघटना कशी नाही? मी सूतगिरणीत युनियनचं काम केलं आहे, म्हणून विचारतो.
*– निवृत्त कामगार, सोलापूर*

काका, 1986 मध्ये जेसी व्हेंच्युरा या रेसलरने प्रयत्न केला होता. मोठ्या कार्यक्रमाच्या तोंडावर त्याने कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं की आज आपण एक झालो तर मालकाला ऐकावंच लागेल. बातमी मालकापर्यंत, विन्स मॅकमहनपर्यंत पोचली आणि सगळं तिथेच विरलं. पुढे व्हिडिओ कॅसेटच्या रॉयल्टीसाठी व्हेंच्युराने दावा केला, आणि तो जिंकलाही. त्या दाव्यातल्या शपथेवरच्या साक्षीत त्याला कळलं की चुगली करणारा हल्क होगन होता, सगळ्यांत जास्त पैसे मिळवणारा.

कागदावर हे लोक नोकर नाहीतच, "स्वतंत्र कंत्राटदार" आहेत. कधी कुठे जायचं, काय घालायचं, कुणाकडून हरायचं हे कंपनी ठरवणार. पण आरोग्य विमा ज्याचा त्याने काढायचा, आणि वर्षानुवर्षं हॉटेलचा आणि भाड्याच्या गाडीचा खर्चही खिशातून. तीन जुन्या रेसलरांनी 2008 मध्ये या कंत्राटालाच आव्हान दिलं, तर मुदत उलटून गेली म्हणून दावा फेटाळला. डोक्याच्या दुखापतींसाठी पन्नासहून अधिक जणांनी केलेला दावाही 2018 मध्ये फेटाळला गेला. दुसरी बाजूही सांगायला हवी: रिंगमधल्या दुखापतीचं ऑपरेशन कंपनी करून देते, माजी रेसलरांच्या व्यसनमुक्तीचा खर्च उचलते, आणि रेसलर एडी गरेरो 2005 मध्ये अडतिसाव्या वर्षी हॉटेलच्या खोलीत हृदयविकाराने गेल्यावर, 2006 पासून औषधांची आणि हृदयाची तपासणी सुरू झाली. पण आता नेटफ्लिक्सशी दहा वर्षांचा पाच अब्ज डॉलरचा करार झाला आहे, तरी कंत्राटातला तो शब्द तसाच आहे. मॅकमहन 2024 मध्ये बाहेर पडले ते कंपनीतल्या माजी कर्मचारी महिलेने केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या दाव्यानंतर. आरोप त्यांनी नाकारले आहेत.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? 1981 मध्ये एका यात्रेत अण्णांची मान गेली. मी पाळण्यात होते. जिंकणाऱ्याला इनाम मिळालं, कमिटीने अण्णांच्या हातावर एसटीचं भाडं ठेवलं. मिरजेच्या दवाखान्याचा खर्च आजोबांनी म्हैस विकून भागवला. अण्णांना आजही डावीकडे बघायचं तर आख्खं अंग वळवावं लागतं.

मी 19 वर्षांचा आहे, तालुक्याला दोनदा खेळलोय. मला मातीत भविष्य दिसत नाही. उत्तरेत रेसलिंगची ट्रेनिंग देणाऱ्या शाळा आहेत, तिकडे जाऊन खलीसारखं नाव काढायचंय. जिममधला एक जण म्हणतो, आधी इंजेक्शन घेऊन बॉडी बनव. काय करू? गेल्या महिन्यात मित्रांबरोबर सराव करताना मानेवर पडलो, डाव्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला मुंग्या येतात, पण ते काही विशेष नाही.
*– एक पैलवान, ता. जत, जि. सांगली*

तुझ्या पत्राचं उत्तर मी पत्र हातात पडलं त्याच दिवशी पाठवलं होतं, कारण हे छापून येईपर्यंत थांबणं बरं नव्हतं. तुझ्यासारखे आणखी असतील म्हणून इथेही लिहिते.

जाऊ नको असं मी म्हणणार नाही. मातीत भविष्य दिसत नाही, हे तुझं म्हणणं मी तुझ्या वयाच्या कितीतरी पोरांकडून ऐकते आणि त्यांना खोटं पाडण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण खलीचं नाव घेतलंस, तर तो जिथे शिकला तिथली गोष्ट ऐक. कॅलिफोर्नियातल्या हेवर्डमधली शाळा, साल 2001. तिथे शिकणाऱ्या एका तरुणाच्या डोक्याला आधीच मार बसलेला होता. तरी त्याला पुन्हा सरावाला उतरवलं. खलीबरोबरच्या सरावात तो उचलून टाकण्याच्या डावात पडला आणि त्यातच गेला. ज्युरीने दोष शाळेला दिला आणि 2005 मध्ये कुटुंबाला तेरा लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. दुसरा मार पहिल्यापेक्षा हलका असला तरी जीव घ्यायला तेवढा पुरतो. म्हणून शाळेत गेल्यावर रिंग बघू नकोस. आधी विचार: डोक्याला लागलं तर किती दिवस बाहेर बसवता? ते कोण ठरवतं, डॉक्टर की कोच? हॉस्पिटलचं बिल कुणाच्या नावावर? सही करायच्या कागदावर "माझ्या जबाबदारीवर" असं लिहिलंय का? उत्तर द्यायला कुणी कुरकुर केली, तर बॅग उचलून परत ये.

इंजेक्शन. जिममध्ये सध्या फिरतंय ते मेफेंटरमाइन असेल, तर ते ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब घसरलेल्या माणसासाठी आहे. धडधाकट पोराने ते टोचून जोर मारले, तर रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कुठवर जातील याचा भरवसा नाही. स्टेरॉइड असेल, तर वरच्या उत्तरातली कार्डांची चळत पुन्हा वाच. अमेरिकेत 1991 मध्ये रेसलरांना स्टेरॉइड पुरवणारा डॉक्टर दोषी ठरला. तीन वर्षांनी मॅकमहन यांच्यावर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. त्या खटल्यात होगनने स्वतः वर्षानुवर्षं घेतल्याचं कोर्टात सांगितलं. दंडावरचं मांस बघून तू ज्यांच्यासारखं व्हायचं म्हणतोस, त्यांतल्या अनेकांचं ते मांस बाटलीतलं होतं.

आता मुंग्या. त्याच तुझ्या पत्रातल्या सगळ्यांत विशेष गोष्ट होत्या. अंगठा आणि पहिलं बोट ही मानेतून निघणाऱ्या सहाव्या नसेची जागा. म्हणून तुला एमआरआय करायला सांगितलं, आणि तोवर मानेवरचा ब्रिज, शीर्षासन, डोक्यावर वजन, सगळं बंद.

रिपोर्ट परवा आला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती थोडी मागे सरकली आहे, मज्जारज्जूला धक्का नाही. ऑपरेशन लागणार नाही, असं सर्जनचं मत आहे. सहा आठवडे ना माती, ना गादी. या काळात हाताची पकड सैल वाटली, चालताना पाय अडखळला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर माझी वाट न बघता थेट हॉस्पिटलला जा. नाहीतर सोमवारी सकाळी माझ्याकडे ये. येताना आईला घेऊन ये, आणि एसटीत मागच्या सीटवर बसू नकोस, तिथे धक्के फार बसतात.